पहिला सॅम्पल पॅक: ढोलाच्या एका थापेपासून झिप फाइलपर्यंत

मी गाणी बनवायला लागलो तेव्हा 'नाशिक ढोल' या नावाने मिळतील तेवढे लूप उतरवून घेतले होते. ऐकायला जोरदार होते. पण मैदानावर पथकाचा सराव चालू असताना शेजारी उभं राहिलं की छातीत जे जाणवतं, ते त्यांत नव्हतं. थाप बसते त्या क्षणीचा टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) कोरडा 'टक्' कुणीतरी कापून टाकला होता. थाप बसल्यानंतर पान, म्हणजे ढोलाचा ताणलेला पडदा, घुमत राहतं, तेही तोडलं होतं. आपल्या गावच्या नावाने जगभर फिरणारा आवाज आपल्याच गावात ओळखू येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी स्वतः रेकॉर्ड करतो, पॅक बनवतो आणि वाटतो.

हा लेख पहिला पॅक करणाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडे लॅपटॉप, हेडफोन आणि एखादा रेकॉर्डर किंवा बरा फोन असला की सुरुवात होते. महागडा स्टुडिओ लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो बहुतेक कापाकापीत आणि ऐकण्यात जातो.

सॅम्पल पॅक म्हणजे दुसऱ्या निर्मात्याला थेट गाण्यात टाकता येतील अशा छोट्या आवाजांचा नीट लावलेला संच. त्यात मुख्यतः दोन प्रकार असतात. वन-शॉट म्हणजे एकच थाप, एकच टोल, एकच खणखणाट. लूप म्हणजे ठरावीक मात्रांचा, पुन्हा पुन्हा वाजवला तरी सांधा न कळणारा तुकडा. याखेरीज वातावरणाचे लांब आवाज असतात: घाटावरची पहाट, बाजाराचा गलबला. मिडी फाइली आणि सिंथचे प्रीसेट वगैरे नंतर. पहिल्या पॅकला त्यांची गरज नाही.

विषय एकच धरा

माझ्या पहिल्या पॅकमध्ये पाचशेवर फाइली होत्या. ढोल होता, सिंथचा बेस होता, पावसाचा आवाज होता, रिक्षाचा हॉर्नही होता. एका मित्राला दिला. महिन्याभराने विचारलं तर म्हणाला, "दोनच वापरले. बाकीच्यांपर्यंत पोहोचलोच नाही." तेव्हापासून माझा नियम: चाळीस ते साठ फाइली, एकच विषय, आणि प्रत्येक फाइल अशी की ती काढून टाकताना जीव खालीवर व्हावा.

विषय शोधायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. उन्हाळ्यात रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू ऐका. ऊस आत गेला की चरक जड होतो, घुंगरांची लय मंदावते. चिपाड बाहेर पडलं की पुन्हा पळू लागते. ही लय ड्रमसेटच्या कुठल्याही हाय-हॅटमध्ये (झांजांच्या जोडीत) सापडणार नाही. भांडी बाजारात मठारलेल्या तांब्याच्या हंड्यावर बोटाच्या पेराने वाजवून बघा. काठावर, पोटावर, बुडावर तीन वेगळे आवाज मिळतात. त्यात थोडं पाणी घालून हंडा हलवला की सूर वाकतो. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारतात, त्या पाण्याचा दणका. सुरगाणा, पेठकडची पावरी, हे आदिवासी फुंकवाद्य. गोंधळातलं संबळ. यातला एक घ्या. "नाशिकचे आवाज" असा सगळं कवेत घेणारा पॅक करायचा मोह होईल, तो दहाव्या पॅकसाठी ठेवा.

पुढची सगळी उदाहरणं मी ढोल आणि हंडा यांचीच देणार आहे, कारण एक वाजवणाऱ्या माणसाशिवाय होत नाही आणि दुसरं तुम्ही आज संध्याकाळी स्वयंपाकघरातलं भांडं घेऊन करू शकता.

माइक काढायच्या आधी कागद काढा

ही पायरी बहुतेक जण शेवटी करतात किंवा करतच नाहीत. मीही केली नव्हती. एका पथकातल्या ओळखीच्या वादकाला बोलावलं, दुपारभर रेकॉर्ड केलं, चहा-मिसळ झाली, "टाका बिनधास्त" असं तो म्हणाला. पॅक बाहेर गेल्यावर पथकाच्या प्रमुखांचा फोन आला. त्यातले दोन ठेके त्यांनी स्वतः बसवलेले होते, दरवर्षी मिरवणुकीत पथकाची ओळख म्हणून वाजणारे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी पॅक काढून घेतला. पण तोवर ज्यांनी उतरवून घेतला होता त्यांच्याकडून तो परत कसा आणणार?

आपल्याकडचा कायदा इथे समजून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. वाजवणाऱ्याचा स्वतःचा, कलाकार म्हणून, वेगळा हक्क असतो; तो ५० वर्षांचा. म्हणजे माइक तुमचा, मेहनत तुमची, तरी थाप ज्याच्या हातची त्याचा त्यात कायद्याने वाटा आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. याच कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. तुमचा पॅक ब्राझीलमधला मुलगाही उतरवून घेणार आहे आणि त्याचं गाणं पाच वर्षांनीही वाजणार आहे. त्यामुळे कागदावर "संपूर्ण हक्ककालावधीसाठी, जगभर" हे शब्द हवेतच.

कागद एका पानाचा पुरतो. कोण वाजवतंय, कुठल्या तारखेला, काय रेकॉर्ड झालं, त्याचं काय होणार (दुसरे लोक आपल्या गाण्यात वापरतील, त्यातून पैसेही कमावतील), किती मानधन दिलं, विक्री झाली तर वाटा किती, आणि नाव कसं छापायचं. मराठीतच लिहा. वाजवणाऱ्याला वाचून दाखवा. "दुसरे लोक वापरतील" या ओळीवर थांबा आणि उदाहरण देऊन सांगा, कारण बहुतेक वादकांना वाटतं की आपण एका गाण्यासाठी वाजवतोय. मोठी रक्कम असेल किंवा कंपनी मध्ये असेल तर वकिलाला दाखवून घ्या.

मानधन त्याच दिवशी, हातात द्या. पॅक फुकट वाटणार असाल तरीही. तुम्ही फुकट देताय तो तुमचा निर्णय आहे, त्याचा नाही.

काही वादक म्हणतात, आमचा ठेका बाहेर का द्यायचा? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जे पथकाचं खास आहे ते पथकाकडेच राहू द्या. रोजच्या वापरातले ठेके, सुट्या थापा, तर्री (ताशाचे सलग भरभर ठोके) एवढ्यावर उत्तम पॅक होतो. देवळातली आरती, अंत्यविधीचं वादन, रामकुंडावर आलेल्या माणसांची बोलणी यांना मी हात लावत नाही. आवाज सुंदर असतो, पण तो कुणाच्या तरी आयुष्यातला खाजगी क्षण असतो.

आणि दुसऱ्यांच्या गाण्यांतून, सिनेमांतून, विकत घेतलेल्या पॅकमधून कापलेलं काहीही आपल्या पॅकमध्ये घालू नका. विकत घेतलेल्या आवाजांचा परवाना सहसा गाण्यात वापरण्यापुरता असतो. तोच आवाज पुन्हा सॅम्पल म्हणून वाटायला त्यात मनाई असते. वर इफेक्ट लावला म्हणून तो तुमचा होत नाही.

रेकॉर्डिंगचा दिवस

ढोल घरात रेकॉर्ड करू नका. लहान खोलीत खर्जाच्या लाटा भिंतींवर आपटून काही थापा फुगतात, काही गायब होतात. मोकळं मैदान चांगलं. तिथे भिंतीचा प्रतिध्वनी नसतो. अडचण असते ती वाऱ्याची आणि रस्त्याची. मी रविवारी सकाळी सात-साडेसातला जातो. रात्रीची शांतता मोहात पाडते, पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तेही बघून जागा ठरवा.

हंडा मात्र घरातच. कपड्यांनी भरलेली कपाटं उघडी ठेवा, जमिनीवर गोधड्या अंथरा, दोन गाद्या भिंतीला उभ्या करा. फ्रिज आणि पंखा बंद. फ्रिजची घरघर रेकॉर्डिंगच्या वेळी कानाला ऐकू येत नाही आणि नंतर प्रत्येक फाइलच्या शेपटात सापडते. फ्रिज पुन्हा चालू करायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्या.

रेकॉर्डर २४ बिटवर ठेवा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची ते, ढोलासाठी ४८ किलोहर्ट्झ पुरतो. हंड्यासाठी रेकॉर्डर देत असेल तर ९६ घ्या, कारण धातूचा आवाज लोक खालच्या सुरात खेचून वापरतात, आणि जास्त रेट असला की खेचल्यावरही वरची चकाकी शिल्लक राहते. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) असा ठेवा की सर्वात जोरदार थाप मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान बसेल; शून्य ही वरची मर्यादा. नवशिके मीटर वरपर्यंत भरलेला बघून खूश होतात, पण क्लिप झालेली, म्हणजे मर्यादेला आपटून वरून कापली गेलेली थाप परत दुरुस्त होत नाही. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते, हळू आवाज नंतर वाढवता येतो. वादकाला आधी विचारा, "दादा, मिरवणुकीत वाजवता तेवढ्या जोरात एकदा." चाचणीच्या वेळी सगळे हात राखून वाजवतात आणि खऱ्या टेकला दीडपट जोर लावतात.

फोनवर करणार असाल तर एक खबरदारी घ्या. फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो आणि 'नको असलेला' आवाज स्वतःहून पुसतो. पहिली थाप दबलेली, पुढचं घुमणं हळूहळू फुगत जाणारं, असं काही ऐकू आलं तर ते फोनचं काम. हे दोन्ही बंद करू देणारं रेकॉर्डिंग ॲप शोधा आणि फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपी३ मध्ये नाही.

माइक ढोलापासून साधारण एक मीटर, पानाच्या अगदी मध्याकडे रोखलेला नको, थोडा कडेकडे वळवलेला. अगदी जवळ नेला तर हवेचा धक्काच जास्त येतो. माइकवर फरचं आवरण हवं. नदीकाठच्या वाऱ्यापुढे नुसता फोम टिकत नाही.

आता वाजवणं. इथेच सगळा पॅक घडतो, म्हणून घाई करू नका. सुट्या थापा घेताना वादकाला अवघडल्यासारखं होतं. माझ्याबरोबर असं झालं होतं:

"दादा, नुसती एक थाप द्या. आणि ती पूर्ण विरेपर्यंत हलू नका."

"नुसती थाप? पुढचं वाजवायचं नाही?"

"नाही. एक थाप, मग गप्प."

त्याने टिपरू उचललं, थाप दिली आणि सवयीने दुसरा हात पानावर टेकवला. आवाज मेला. तीन-चार वेळा असंच झालं. मग आम्ही ठरवलं की थाप देऊन तो हात हवेतच धरेल आणि मी मान हलवली की खाली घेईल. पाचव्या वेळी पहिल्यांदा ते पान शेवटपर्यंत ऐकलं. दादा स्वतःच म्हणाला, "इतका वेळ वाजतं होय हे!"

प्रत्येक प्रकारची थाप हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन जोरांत घ्या, आणि प्रत्येक जोराच्या किमान चार. म्हणजे एका प्रकारच्या बारा. गाण्यात एकच फाइल पुन्हा पुन्हा वाजली की मशीनगनसारखं वाटतं. चार वेगळ्या थापा आलटून पालटून आल्या की माणूस वाजवतोय असं वाटतं. दोन्ही पानं, काठ, टिपरूवर टिपरू, असं सगळं घ्या. शेवटी कुणीही न हलता तीस सेकंद नुसती जागा रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात, आवाज साफ करताना तो लागतो. प्रत्येक टेकच्या आधी तोंडाने सांगा: "डावं पान, मध्यम, तिसरी." घरी बसून अडीचशे सारख्या दिसणाऱ्या लाटा बघताना हे तीन शब्द फार उपयोगी पडतात.

ठेके घेताना मेट्रोनोमची सक्ती करू नका. कानात क्लिक घालून वाजवायची सवय नसलेल्या वादकाचा हात त्याने लाकडी होतो. त्याला त्याच्या लयीत वाजवू द्या, लय आपण नंतर मोजू.

कापणं

यासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. रीपरही चालेल, किंवा तुम्ही जे गाण्यासाठी वापरता तेच.

फाइल इतकी मोठी करून बघा की लाट सुटी दिसेल. थापेच्या आधी एक लहानसा, जवळजवळ सपाट थरथराट दिसतो आणि मग मोठी लाट उठते. तो लहान थरथराट म्हणजे टिपरू पानाला टेकल्याचा 'टक्'. नवीन माणूस मोठ्या लाटेच्या पायथ्याशी कापतो आणि तो 'टक्' फेकून देतो. बाजारातल्या लूपमध्ये मला जे सापडत नव्हतं ते इथेच हरवलेलं असतं. म्हणून त्या थरथराटाच्याही जरा आधी, लाट मधल्या रेषेला छेदते त्या बिंदूवर कापा. याला झीरो क्रॉसिंग म्हणतात. रेषेच्या वर किंवा खाली कापलं तर सुरुवातीला 'टिच्' असा आवाज येतो. त्यावर एक-दोन मिलिसेकंदांचा फेड-इन (शून्यापासून आवाज चढवत नेणं) पुरतो. पण आधी शांतताही जास्त ठेवू नका. वापरणारा कळ दाबतो तेव्हा थाप त्याच क्षणी यायला हवी. वीस-तीस मिलिसेकंदांची रिकामी जागा राहिली तर ताल मागे पडल्यासारखा वाटतो.

शेपूट कुठे संपतं ते डोळ्यांनी ठरवू नका. हेडफोनचा आवाज वाढवा आणि थाप जागेच्या शांततेत मिसळते तिथपर्यंत ऐका, मग लांब फेड-आउट द्या. ज्याला छोटी थाप हवी तो कापेल. कापलेलं शेपूट परत जोडणं त्याच्या हातात नाही.

साफसफाई हलक्या हाताने करा. खालचा गुरगुराट, म्हणजे ३० हर्ट्झच्या खालचं, काढून टाका. कॉम्प्रेसर, रिव्हर्ब, ईक्यू अशा आवाज बदलणाऱ्या इफेक्टचा मारा करू नका. वापरणाऱ्याला कच्चा, प्रामाणिक आवाज मिळाला की तो हवं ते करू शकतो. सजवलेली आवृत्ती द्यावीशी वाटली तर वेगळ्या फोल्डरमध्ये द्या.

नॉर्मलाइझ करताना, म्हणजे फाइलींची पातळी वर नेताना, एक चूक हमखास होते. सगळ्या फाइली निवडून प्रत्येक फाइल उणे १ डेसिबलला नेली की हळू थाप आणि जोराची थाप सारख्याच मोठ्या होतात, आणि तीन जोरांत घेतलेली मेहनत वाया जाते. एका प्रकारच्या बाराही थापा एकत्र घ्या, त्यातली सर्वात मोठी उणे १ ला न्या आणि बाकीच्या तेवढ्याच प्रमाणात वाढवा.

एका माइकने घेतलेला ढोल मोनो (एकाच चॅनलचा) ठेवा. तो स्टिरिओ करून फक्त फाइल दुप्पट होते. शेवटच्या फाइली २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ वेव्ह; ९६ वर घेतलेला हंडा मात्र ९६ वरच ठेवा. ४४.१ च्या फाइली स्टिरिओ असतील तर मिनिटाला साधारण १६ एमबी होतात, मोनोला निम्मे, म्हणजे साठ छोट्या फाइलींचा पॅक कुणाच्याही मोबाइल डेटावर उतरतो.

लूपचं गणित

वादकाने त्याच्या लयीत ठेका वाजवला आहे. सम (आवर्तनाचा पहिला ठोका) शोधा आणि तिथपासून ३२ ठोके मोजा. समजा पहिल्या ठोक्यापासून तेहतिसाव्या ठोक्याच्या सुरुवातीपर्यंत १४.२ सेकंद लागले. ३२ ला ६० ने गुणा आणि १४.२ ने भागा: १३५.२. म्हणजे लय मिनिटाला १३५ ठोक्यांच्या (बीपीएम) आसपास. आता तो तुकडा अगदी किंचित ताणून बरोबर १३५ बीपीएमचा करा. ३२ ठोके १३५ ला १४.२२ सेकंदांत बसतात. फरक एवढा कमी आहे की कानाला कळत नाही.

सम आणि शेवट एवढंच जाळीवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या ठोक्यांच्या रेषांवर, बसवा. मधले ठोके ओढून सरळ करू नका. ताशाची तर्री जाळीवर बसवून बघा, शिलाई मशीन चालू असल्यासारखं वाटतं. ठोके जरा पुढेमागे असतात म्हणूनच ती ढोलांवर लाट आल्यासारखी येते.

लूप सलग दहा वेळा वाजवून डोळे मिटून ऐका. सांधा कळला तर शेवटच्या थापेचं शेपूट पुढच्या आवर्तनाच्या सुरुवातीवर पडत नाहीये. त्यासाठी ठेका दोनदा सलग घ्या आणि दुसरं आवर्तन कापा. त्याच्या सुरुवातीला आधीच्या आवर्तनाचं शेपूट आपोआप आलेलं असतं.

केरवा किंवा भजनी ठेका आठ मात्रांचा, तो चार-चारच्या (चार-चार ठोक्यांनी मोजलेल्या) गाण्यात सरळ बसतो. दादरा सहाचा, रूपक सातचा. तालाचं नाव आणि मात्रा फाइलच्या नावात नक्की लिहा, नाहीतर परदेशातला निर्माता रूपकाची फाइल चार-चारमध्ये टाकेल आणि तुमचा लूप बिघडलाय असं समजेल.

नावं, फोल्डर, माहितीची फाइल

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी नावांचा झिप उघडताना काही कॉम्प्युटरवर गोंधळ होतो. क्रम कायम एकच: पॅकचं छोटं नाव, वाद्य, प्रकार, बीपीएम किंवा सूर, क्रमांक. मध्ये मोकळी जागा नको, अंडरस्कोर द्या. एक ते नऊला आधी शून्य लावा, म्हणजे दहा नंबर एकच्या पाठोपाठ येणार नाही.

सूर लिहिताना आपल्या पेटीची भाषा जगाला समजत नाही. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, असं बदलून लिहा. हंड्याच्या आवाजात अनेक सूर एकमेकांत अडकलेले असतात. ट्यूनर स्थिर राहत नसेल तर सूर लिहूच नका.

सोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवा. त्यात वादकाचं नाव त्याला हवं तसं, जागा, महिना-वर्ष, वापरलेली साधनं, आवृत्तीचा क्रमांक आणि परवाना.

परवाना आणि वाटप

परवाना पाच-सहा ओळींचा आणि स्पष्ट असू द्या. गाण्यात, चित्रपटात, जाहिरातीत वापरा, रॉयल्टी नको. हे आवाज सुटे किंवा दुसऱ्या पॅकमध्ये घालून विकू किंवा वाटू नका. आणि एक ओळ बहुतेक जण विसरतात: यातला लूप जसाच्या तसा असलेलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (आवाज ओळखून हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत) नोंदवू नका. एकाने नोंदवलं की तोच लूप वापरणाऱ्या बाकी सगळ्यांच्या व्हिडिओवर दावे येतात, प्रसंगी तुमच्याच डेमोवरही.

पूर्ण मोकळेपणाने द्यायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने आहेत. सीसी-झीरो म्हणजे कशाचीच अट नाही. सीसी-बाय म्हणजे नाव द्यायला हवं. ढोलाच्या पॅकसाठी मी सीसी-बाय निवडतो, कारण त्यात वादकाचं नाव पुढे जातं. मात्र हे परवाने एकदा दिले की मागे घेता येत नाहीत, आणि सीसी-बायमध्ये सुटे आवाज विकायलाही मनाई नसते. वादकाच्या कागदात त्याला संमती असेल तरच द्या.

सुटे आवाज वाटायला फ्रीसाउंड चांगलं. बार्सिलोनाच्या एका विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेला तो साठा आहे आणि तिथे हेच परवाने चालतात. पूर्ण पॅकसाठी बँडकॅम्प किंवा गमरोड या विक्रीच्या साइट, तिथे फुकटही ठेवता येतं आणि 'हवं तेवढं द्या' असंही. गूगल ड्राइव्हवर ठेवलंत तर लिंक कुणालाही उघडेल असं करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. व्हॉट्सॲपवर पाठवताना झिप 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा.

पहिला पॅक फुकट द्या, असं माझं मत आहे. आपला आवाज कोण, कसा वापरतं ते कळतं, आणि ते कळल्याशिवाय किंमत ठरवता येत नाही.

बाहेर सोडण्याआधी दोन कामं. एक, फक्त याच पॅकमधले आवाज वापरून मिनिटभराचा डेमो बनवा. बनवताना जी फाइल हाताला आलीच नाही ती बहुधा काढून टाकायची असते. दोन, पाच-सहा निर्मात्यांना द्या, वेगवेगळं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना, आणि काही न सांगता बघत बसा. ते कुठल्या फोल्डरमध्ये शोधतात, कुठे अडतात, यावरून नावं आणि मांडणी सुधारते. मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग दोन वेगळ्या जागी जपून ठेवा.

आणि वादकाला पॅक नेऊन ऐकवा. ढोलाचा पॅक पूर्ण झाल्यावर मी दादाकडे हेडफोन घेऊन गेलो. त्याने डेमोकडे फारसं लक्ष दिलं नाही. सुट्या थापा एकेक करून ऐकल्या. उजव्या पानाच्या तिसऱ्या थापेला थांबला. "ही लवकर संपली. पान अजून वाजत होतं तेव्हा." घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग उघडलं. मागून मोटारसायकल येत होती म्हणून मी ते शेपूट घाईने तोडलं होतं. त्याच ओळीतल्या आणखी दोन थापाही तशाच निघाल्या. तिन्ही पुन्हा कापल्या, मोटारसायकलचा आवाज जमेल तेवढा काढला, माहितीच्या फाइलमध्ये आवृत्ती १.१ लिहून बदलाची तारीख टाकली आणि झिप पुन्हा चढवला.